लाओ लिआंग, तुमची बाजू मी मांडली

लाओ लिआंग, तुम्ही पक्के लबाड निघालात. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये एवढं माझ्या आईनं मला शिकवलंय, तरीही हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, तुमचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटतेय. मध्येच डोळे भरून येतात, पदराला पुसते, पुन्हा हसू येतं. मिलिंद, माझा नवरा, विचारतो, डॉक्टरला दाखवायचं का? म्हटलं, डॉक्टर काय करणार? मला भांडायला माणूस हवाय, आणि तो शेजारून उठून गेलाय.

आपलं ठरलं होतं. दोघांपैकी जो मागे राहील त्यानं गेलेल्याच्या निरोपाला उभं राहायचं आणि त्याची बाजू मांडायची. स्वतःची नाही, त्याची. पूर्ण ताकदीनं मांडायची आणि त्यात एकदाही ‘पण’ म्हणायचं नाही. तुम्ही बोट नाचवून बजावलं होतंत, “नो बट, शाओ वान.” वानखेडे हे आडनाव तुमच्या जिभेला झेपेना म्हणून पहिल्या महिन्यातच त्याचं वान झालं, आणि त्याला शाओ जोडलंत, म्हणजे छोटी. पन्नाशीला टेकलेल्या बाईला छोटी! मग मीही लिननं, तुमच्या लेकीनं, शिकवल्याप्रमाणे तुम्हाला लाओ म्हणजे म्हातारबुवा म्हणायला लागले आणि हिशेब चुकता झाला.

तर शब्द दिला होता मी. दिला तेव्हा वाटलं, अजून पुष्कळ अवकाश आहे, तोवर मी यांना पटवीन आणि मांडायला यांची बाजूच उरणार नाही. आणि तुम्ही, असे कसे हो, ऐन टोमॅटो लावायच्या दिवसांत गेलात. लिननं फोनवर सांगितलं, थोडा वेळ ती रडली, थोडा वेळ मी रडले, आणि मग ती म्हणाली, “आंटी, यू हॅव टू स्पीक. ही टोल्ड एव्हरीवन.” सगळ्यांना सांगून ठेवलंत! म्हणजे सुटायची वाटच बंद.

तुमची बाजू मला तोंडपाठ आहे, ती काय मला कुणी शिकवायला नको. आधी पोटाला अन्न, घरात दिवा, दारापर्यंत रस्ता, पोरांना शाळा. देशात शांतता, उद्याचा भरवसा. मत, निवडणुका, भाषणं हे सगळं त्यानंतर, आणि नाही जमलं तर नाही. हे मी बोलायचं. मी! ज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत त्या घरातली मी. आमच्याकडे मत म्हणजे काय असतं हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच तुम्ही ही अट घातलीत. माझ्या आजोबांना काय वाटेल? शब्द पाळला तर घरच्यांशी बेइमानी, मोडला तर तुमच्याशी.

तुम्ही शेजारी राहायला आलात तेव्हा मी या परदेशात, पामर्स्टन नॉर्थ गावात, चांगली मुरले होते. हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी, सायकलवर जा-ये, समोरून येणाऱ्या वाऱ्याला मराठीतून शिव्या, सगळं अंगवळणी पडलं होतं. निवडणुकीचे दिवस होते. माझी खोड तुम्हाला पुढे कळलीच: रस्त्यावर कुणी नवं राहायला आलं आणि त्यांना या देशात वर्ष होऊन गेलेलं असलं की मी दारात हजर. मतदार यादीत नाव घातलं का? इथं नागरिक नसलात, नुसते कायमचे रहिवासी असलात तरी मत देता येतं हे मला कळलं त्या दिवशी मला जो आनंद झाला होता, तो मी घरोघर वाटत फिरायचे. तुम्ही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून, पायजमा दुमडून चिनी लसणाच्या पातीला पाणी घालत होतात.

“मी पाहुणा आहे,” तुम्ही म्हणालात. “पाहुण्यानं यजमानाच्या घरातलं फर्निचर हलवू नये.”

“अहो, यजमानच सांगतोय ना, खुशाल हलवा म्हणून!”

“तो सभ्यपणानं सांगतोय. पाहुण्यानं सभ्यपणानं नाही म्हणावं.”

असं म्हणून तुम्ही पातीची एक जुडी माझ्या हातात दिलीत आणि नळ बंद केलात. मी घरी येऊन मिलिंदला सांगितलं, शेजारी एक अतिशहाणा आलाय. दुसऱ्या दिवशी तो अतिशहाणा वाफाळत्या डंपलिंगांचा डबा घेऊन दारात उभा, मागे तुमच्या पत्नी, शूफेनताई. डबा टेबलावर ठेवून तुम्ही सरळ विचारलंत, काल आपण कुठे थांबलो होतो? त्या दिवसापासून आपण थांबलोच नाही.

पुढे शनिवार सकाळ आपलीच झाली. नदीकाठच्या रस्त्यानं चालत जायचं, पुलाशी वळायचं, परत यायचं. समोर डोंगरावर पवनचक्क्या फिरत असायच्या. तुम्ही जन्मभर रस्ते बांधलेला माणूस, त्या पवनचक्क्यांवर तुमचा भारी जीव. मी म्हणायचे, बघा, लोकांना विचारून विचारून बांधल्यात, तरी उभ्या राहिल्या की नाही? तुम्ही म्हणायचात, “उभ्या राहिल्या. आमच्याकडे तोवर त्या जुन्या झाल्या असत्या आणि आम्ही नव्या लावल्या असत्या.” एवढं बोलून माझ्याकडे न बघता चार पावलं पुढे. चेहऱ्यावर रेष हलायची नाही, आणि मी मागून पळत जाऊन उत्तर द्यायची.

आणि ते कुंपण! आपल्या रस्त्याच्या टोकाला सगळ्यांची मिळून जी भाजीची बाग आहे, तिला वाऱ्याला अडवणारं कुंपण हवं हे सगळ्यांना मान्य होतं. वाल दर वर्षी आडवे व्हायचे. पण बागेची कमिटी म्हणजे कमिटी. कुंपण जाळीचं की लाकडाचं? हिरवं की काळं? सावली कुणाच्या स्ट्रॉबेरीवर पडेल? प्रत्येकानं बोलायचं, प्रत्येकाचं ऐकायचं, मग चहा, लॅमिंग्टन केक, आणि विषय पुढच्या मीटिंगला. तुम्ही कोपऱ्यात ताठ बसून ऐकायचात. बाहेर पडल्यावर मी कौतुकानं म्हटलं, “बघितलंत? प्रत्येकाला बोलता आलं.” तुम्ही म्हणालात, “हो. आणि वाल पडला.”

मग ईस्टरच्या सुट्टीत सगळी मंडळी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आणि टॉवेल घेऊन समुद्रावर गेली आणि परत येऊन बघतात तर कुंपण उभं. दोरी लावून रोवलेले खांब, एक इकडचा तिकडे नाही. पाणी तुंबू नये म्हणून खाली चर खणलेला. असं देखणं काम मी बागेत कधी पाहिलं नव्हतं. ग्रॅहम, आपला अध्यक्ष, निवृत्त मास्तर, मीटिंगमध्ये अगदी कळवळून म्हणाला, “लिआंग, मेट, इट्स ब्यूटिफुल. बट यू डिडन्ट आस्क.” मत घेतलं. ठरावच झाला नव्हता तर कुंपण कसं, म्हणून काढायचं ठरलं. मीही हात वर केला. तुम्ही माझ्या हाताकडे असं पाहिलंत, जणू मी तुमच्या ताटातली पोळी उचलली.

काढलंत तुम्ही. पुढच्या मीटिंगला कुंपण कुठं असावं यावर चर्चा झाली, मत घेतलं आणि ठरलं काय, तर तिथंच. तेच खांब, तेच खड्डे. त्या दिवशी घरी जाताना तुम्ही मला तुमची व्याख्या ऐकवलीत: “लोकशाही म्हणजे एकच कुंपण दोनदा बांधणं.” मी इतकी हसले की सायकल हातातून सुटली. दुसऱ्यांदा बांधायला मात्र सगळी बाग लोटली. ग्रॅहम पाणसळ घेऊन आला, आमच्या लेकीनं, मुग्धानं, खायला स्कोन्स भाजले, कुणी नुसतेच सल्ले द्यायला आले. तुम्ही कुरकुरत होतात की एवढ्या मदतनिसांमुळे काम लांबलं आणि एक खांब वाकडा बसला. तो वाकडा खांब ग्रॅहमचा.

मागच्या हिवाळ्यात वादळानं जाळी फाडली तेव्हा तुम्ही बूट घालून बाहेर येईपर्यंत निम्मा रस्ता बागेत पोचला होता. कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही फाटकाशी उभे राहून बराच वेळ बघत राहिलात. मी टपून बसले होते, आता तरी काही बोलाल, आता तरी कबूल कराल. तुम्ही म्हणालात, “ग्रॅहमचा खांब अजून वाकडाच आहे.”

तुमच्याशी भांडणं म्हणजे मजा होती हो. पण तुम्ही नुसते गमती नव्हतात. तुम्ही तुमच्या थोरल्या बहिणीबद्दल बोललात तो शनिवार मला विसरता येत नाही. डोंगरातलं तुमचं गाव. बहिणीला ताप भरला, दवाखाना डोंगरापलीकडे, पायवाटेनं जायचं. आईनं तिला पाठीशी बांधलं, तुम्ही मागून पिशवी घेऊन चालत होतात. अर्ध्या वाटेवर आई थांबली, पाठीवरचं ओझं तिला वेगळं लागलं. तुम्ही एवढंच सांगितलंत. मग म्हणालात, “आमच्या डोंगरावर मताची टंचाई नव्हती, शाओ वान. रस्त्याची होती.”

पुढे शिकून तुम्ही रस्तेवाले झालात, आणि त्याच डोंगरातून रस्ता नेलात, बोगदा पाडून. आता तिथून दवाखाना म्हणजे एक डुलकी लागायच्या आत. हे ज्यांनी घडवलं त्यांना कुणी निवडून दिलं होतं असं मी विचारावं, अशी माझी छाती त्या दिवशी झाली नाही. गोंधळ काय असतो, उद्या काय होईल ते माहीत नसणं काय असतं, हे तुम्ही लहानपणी पाहिलेलं. ‘स्थैर्य’ हा शब्द मला भाषणातला वाटायचा. तुमच्या तोंडी तो घरातला होता, पाण्याच्या माठासारखा.

पुढच्या शनिवारी मी माझ्या आजोबांचं सांगितलं. विदर्भातलं गाव. पाटलाच्या अंगावर सावली पडू नये म्हणून वाटेतून बाजूला होणारे आजोबा. आणि मग एक दिवस शाळेच्या ओसरीवर रांग, रांगेत पाटील पुढे, आजोबा मागे. दोघांच्या बोटाला तीच शाई. आजी सांगायची, ती शाई जाऊ नये म्हणून आजोबांनी कितीतरी दिवस त्या हाताला पाणी लागू दिलं नाही, आणि आजीनं भांडून भांडून शेवटी त्यांना आंघोळीला बसवलं. तुम्ही हसलात, डोळे पुसलेत. आणि मग विचारलंत, “रस्ता कधी आला?”

“आजोबा गेल्यावर,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

“हूं,” तुम्ही म्हणालात. त्या ‘हूं’चा मला असा राग आला!

“जो रस्ता देतो तो उद्या काढूनही घेईल. तेव्हा कुणाकडे जाणार?”

“चांगला इंजिनिअर रस्ता काढून घेत नाही.”

“आणि वाईट असला तर?”

“त्याला वरचा आवरतो.”

“आणि वरचाच वाईट असला तर?”

“मग वाट बघायची,” म्हणालात. आणि लगेच माझ्याकडे वळून, “तुम्ही तर वाईट माणसाला स्वतःच निवडता आणि वर हारही घालता.”

“घालतो! आणि आम्हीच पाडतो!”

“आणि पुढच्या वेळी पुन्हा निवडता.”

खरंच होतं की. दोघंही त्या पुलावर उभे राहून मोठमोठ्यानं हसत होतो आणि जॉगिंग करणारी एक बाई दचकून बाजूनं गेली.

मुग्धा तेव्हा युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आपलं जेवणाच्या टेबलावरचं भांडण ऐकून ती म्हणाली, “यू गाइज डोन्ट लिसन. यू जस्ट वेट फॉर युअर टर्न.” तुम्ही चॉपस्टिक्स खाली ठेवल्यात. त्याच आठवड्यात ही निरोपाची अट निघाली. माझी कल्पना होती की तुमची, यावरही आपलं भांडण झालं होतं.

माझे वडील पुण्यात गेले आणि मला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. शूफेनताई रोज सूप आणून ठेवायच्या, मी ते निववून फ्रीजमध्ये ठेवायची. तुम्ही यायचात, बसायचात, जायचात. लोकशाहीचं नाव नाही, काही नाही. इतके दिवस तुम्ही माझ्याशी गोड बोलत होतात की मला वाटलं, माझं काही खरं नाही. मग एका दुपारी तुम्ही चहाचा कप ठेवत सहज म्हणालात, “तुमच्याकडे एवढे पक्ष. अर्ध्या लोकांना ते कोणते हेही आठवत नसेल. निवडणूक म्हणजे तुम्ही लॉटरीच काढता ना?” झालं! मी ताडकन उठले. तासभर तुम्हाला ऐकवलं, हातवारे करून, टेबलावर हात आपटून. बोलून बोलून भूक लागली आणि मी ते सूप गरम करून दोन वाट्या प्यायले. तुम्ही जाताना शूफेनताईंना चिनीत काहीतरी म्हणालात आणि त्या तोंडाला हात लावून हसल्या. मला ते तेव्हाच कळलं होतं बरं का. आभार मानायचे राहून गेले, कारण पुढच्या शनिवारी पुन्हा तुमचा राग आला.

तर, तुमचा निरोप. नेसायचं काय? आमच्याकडे बुद्धवंदनेला, मयताला, दोन्हीला पांढरं. मी पांढरी साडी नेसून गेले. मला काय ठाऊक, जुन्या चिनी रिवाजात पूर्ण पांढरं म्हणजे घरचं माणूस, मुलगी नाही तर सून! दारात एक आजीबाई होत्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गहिवरून दोन्ही हात धरले आणि थेट पहिल्या रांगेत लिनच्या शेजारी नेऊन बसवलं. मागच्या चिनी मंडळींत कुजबूज, ती लिननं मला मागाहून सांगितली: लिआंगला ही सून कधी झाली? मी उठायला लागले तर शूफेनताईंनी माझा पदर धरून खाली बसवलं. मग बसले. सगळ्यांच्या बरोबर फोटोपुढे तीनदा वाकले. फोटोत तुम्ही अगदी गंभीर, त्या मीटिंगमधल्या खुर्चीत बसल्यासारखे.

मी उभी राहिले, लाओ लिआंग, आणि बोलले. तुमची बहीण सांगितली. पाठीवरचं ओझं सांगितलं. म्हटलं, ज्यानं अर्ध्या वाटेवर आईला थांबलेलं पाहिलंय, त्याला कुणी येऊन सांगू नये की आधी रांगेत उभा राहा, मग रस्ता मिळेल. म्हटलं, करोडो घरांत दिवा लागतो, पोरं शाळेत जातात, म्हाताऱ्यांना ऊब मिळते, हे काही लहान काम नाही, आणि जे उपाशी झोपले नाहीत त्यांनी त्याला नाकं मुरडू नयेत. म्हटलं, शांतता आयती मिळालेल्यांना तिची किंमत कळत नाही. ज्यानं मोडतोड पाहिली, तो आधी घर सावरतो. म्हटलं, या माणसानं हे कुठं वाचून ठरवलं नव्हतं, डोंगर चढून ठरवलं होतं.

आणि तिथं माझ्या जिभेच्या टोकाशी तो ‘पण’ आला. आलाच! आजोबा डोळ्यांपुढे उभे, बोट वर करून. सगळा हॉल वाट बघतोय. मी शूफेनताईंकडे पाहिलं, “एवढंच त्यांचं म्हणणं होतं” म्हटलं आणि खाली बसले. मागून आमच्या मराठी मंडळातली वृंदा वाकून पुटपुटली, “अगं, तू बदललीस की काय?” ग्रॅहमनं एवढ्या मोठ्यानं नाक शिंकरलं की दोन माणसं वळली.

मला वाटलं, झालं. फिटलं. वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं. तेवढ्यात शूफेनताई उठल्या. कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं. त्या चिनीत बोलायला लागल्या आणि लिन गोंधळून, घाईघाईनं इंग्रजीत सांगायला लागली.

त्या म्हणाल्या, यांनीही तयारी केली होती. गाडीत, भाजी आणायला जाताना, येताना, मला शाओ वानचं भाषण म्हणून दाखवायचे. शाओ वान वाऱ्यात ज्या पद्धतीनं सायकल वळवते ते बघून यांना खात्री होती की आधी तीच जाणार.

हॉलमध्ये खसखस पिकली. मी पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, तोंडाला पदर लावून बसलेली.

त्या म्हणाल्या, एवढी तयारी वाया जाऊ नये म्हणून मी ती आज म्हणते. आणि त्यांनी म्हटलं! माझ्या आजोबांची रांग, पाटील, शाई, सगळं चिनीत. मला एक अक्षर कळत नव्हतं तरी कुठं आजी आंघोळीला बसवते ते बरोबर कळलं, कारण सगळे चिनी म्हातारे एकदम हसले. तुम्ही एकही गोष्ट सोडली नव्हती. मी रागानं बोललेलंही नीट लावून ठेवलं होतं, माझ्यापेक्षा नीट.

आणि मग त्या थांबल्या. म्हणाल्या, पुढचं शाओ वानला माहीत नाही. हे यांचं स्वतःचं आहे.

तुमच्या त्या रस्त्याच्या आखणीत तुमच्याच आईचं घर येत होतं. अलुबुखाराची झाडं होती दारात. रेघ तुम्हीच मारलीत. आईला गावाबाहेरच्या नव्या इमारतीत घर मिळालं. लिफ्ट, नळाला गरम पाणी, हिवाळ्यात ऊब. आई खूश होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला नळ सोडून दाखवायची. आणि एक दिवस तुमच्यासमोर बसून शेंगा सोलता सोलता म्हणाली, “घर छान आहे रे. मी हो म्हटलं असतं. तू विचारायला हवं होतंस.”

लिन तिथं अडखळली. तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

शूफेनताई म्हणाल्या, भाषणात दर वेळी या जागेपाशी आले की हे गाडीत थांबायचे. मी म्हणायचे, हे शाओ वानला सांग की. तर म्हणायचे, सांगितलं तर ती जिंकेल. म्हटलं, मग जिंकू दे. तर म्हणाले, मग शनिवारी आम्ही काय करायचं?

मी हसले, लाओ लिआंग. तुमच्या निरोपाला, पहिल्या रांगेत, तुमची सून म्हणून बसलेली मी खो खो हसले आणि मला ते थांबवता येईना. मागच्या आजीबाई हबकल्या असतील. शूफेनताईही हसायला लागल्या, मग लिन, मग ग्रॅहम, आणि मग मी रडले, तेही त्याच दमात. बाहेर पडताना त्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या हातावर एकेक गोड गोळी ठेवत होते, दुःखाची कडू चव जावी म्हणून. मी दोन घेतल्या.

इतकी वर्षं! इतकी वर्षं हे तुमच्या खिशात होतं. त्या पुलावर मी घसा फोडून ओरडत होते, कुंपणावरून तुम्ही मला नामोहरम करत होतात, माझ्या आजोबांवर ‘हूं’ म्हणत होतात, आणि माझा सगळ्यात पक्का मुद्दा तुमच्याजवळ जपून ठेवलेला. चोर! आणि मी वेडी समजत होते, की यांना माझं कधी पटणारच नाही.

काल शनिवार होता. सकाळी उठले, सवयीनं बूट घातले, शूफेनताईंच्या दारापर्यंत गेले. त्यांनी दार उघडलं, त्यांना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. त्यांनी मला आत बसवून डंपलिंग खायला घातले, आणि मी त्यांना मराठीतून तुमच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या. त्यांनी मान डोलावून ऐकल्या.

घ्या, जिंकले मी. आता पुढच्या शनिवारी काय करू, ते तेवढं सांगा.